आधी कूळ सांग

सकाळच्या फेरीच्या सहा जणांनी आयत्या वेळी तिकिटं रद्द केली आणि उरला एकच प्रवासी. शांडीनने पर्यटकांना दरी दाखवायची जीप पुसता पुसता मान वर केली. समोर तिच्याच नवाहो जमातीचा एक उंच, सावळा तरुण उभा होता. पाठीवर वेणी, हातात तिकीट.

"तू? नवाहो असून तिकीट काढून आपलीच दरी बघणार?" तिला हसू आवरेना.

"काय करू? फिनिक्स शहरात वाढलो. आपली दरी कॅलेंडरवरच पाहिलीय," तो म्हणाला. "मी लायल. आणि हसून झालं असेल तर... पुढे बसू की मागे?"

"पुढेच बस. मागे बसलास तर साहेबाला फिरवल्यासारखं वाटेल मला."

खरं तर नवाहोंमध्ये ओळख अशी अर्धवट होत नाही. नावापाठोपाठ आईचं कूळ सांगायचं, मग वडिलांचं. जुळलं की समोरचा भाऊ, आणि मग त्याच्याकडे भावासारखंच बघायचं. प्रश्न शांडीनच्या ओठांवर आला होता. पण लायल हसला, त्याच्या गालाला खळी पडली, आणि तिने तो गिळला. विचारू की दुपारी! घाई काय आहे?

जीप ओढ्यात शिरली. दोन्ही बाजूंनी लाल कडे चढत गेले. कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, लायलच्या केसांत अडकत होता. तो बघत होता कड्यांकडे, आणि मधूनच... तिच्याकडे.

"कडे तिकडे आहेत," ती म्हणाली.

"माहितीये. तिकीट सगळ्याचं काढलंय ना?"

या बोलण्याच्या नादात तिने नेहमीची वाट सोडली आणि चाक वाळूत रुतलं. सात वर्षांत पहिल्यांदा! लायलने बूट काढून धक्का मारला. जीप सुटली आणि तो पाण्यात सपशेल आडवा. शांडीन पोट धरून हसली. मग हात देऊन तिने त्याला उठवलं. हात सोडायचं मात्र दोघांनाही जरा उशिराच सुचलं.

दुपारी फेरी संपली. "मटण खाल्ल्याशिवाय आमच्या चिनली गावातून कुणी जात नाही," असं म्हणत ती त्याला बाजारात मावशीच्या गाड्यावर घेऊन गेली. मावशीने गरम पोळीत भाजलेलं मटण आणि हिरवी मिरची गुंडाळून दिली. त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुणाचा रे तू? कूळ कोणतं?"

"मावशी, मीठ कमी आहे!" शांडीन घाईघाईने म्हणाली.

त्याच क्षणी लायलने एवढा मोठा घास कोंबला, की त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मावशी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

शांडीनच्या लक्षात आलं. यालाही सांगायचं नाहीये... का?

उन्हं कलताना ती त्याला कड्याच्या टोकावर घेऊन गेली. खाली दरी तांबूस झाली होती. आता तो प्रश्न टाळून चालणार नव्हतं.

"लायल, मला एक विचारायचंय."

"नको ना विचारू."

"का?"

"सकाळीच विचारायला हवं होतं. आता उत्तर वाईट निघालं तर... फिनिक्सपर्यंत पाच तास रडत गाडी चालवावी लागेल मला."

ती दरीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या आईचं कूळ कडू पाणी. बाबांचं मीठ."

त्याने एक खडा उचलून दरीत भिरकावला. एक कावळा घिरट्या घालत खाली उतरून गेला.

"अरे, बोल ना! जीव घेशील का?"

"आईचं उंच घर," तो सावकाश म्हणाला. "बाबांचं पाणकाठ."

शांडीनने मनातल्या मनात दोनदा ताडून पाहिलं. कुठेच जुळत नव्हतं! कुठे म्हणजे कुठेच नाही!

"कडू पाणी, वर मीठ," लायलची खळी पुन्हा उमटली. "तरीच सकाळपासून बोलणं असं झणझणीत!"

"आवडत नसेल तर रस्ता मोकळा आहे."

"आवडलंय, शांडीन. दरीपेक्षा जास्त." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "पुन्हा कधी येऊ?"

"रविवारी. आईच्या मेंढ्यांची लोकर कातरायची आहे, चाळीस मेंढ्या. जमेल?"

"मी आयुष्यात मेंढीला हात लावलेला नाही."

"मग शनिवारीच ये," ती म्हणाली, आणि तिने आपला हात त्याच्या हातात दिला.