नानींचा चेहरा कुणी नेला?

"मला चोर ठरवून घराबाहेर काढलंय," आरती म्हणाली. "चोर कोण ते मला शोधून द्या. माझ्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगायचंय मला."

खुर्ची समोर होती, पण ती बसली नाही.

वैजयंती निघोट यांचं ऑफिस मंचरच्या बाजारात, कांद्याच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर होतं. विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या स्वतंत्रपणे तपासाची कामं घेत. त्यांची जीप चालवायला दादाभाऊ होते. एसटीतून निवृत्त झालेला हा ड्रायव्हर जीप जेवढ्या सावकाश चालवी, तेवढ्याच सावकाश विचार करी.

"बसा आणि सुरुवातीपासून सांगा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

आरती केंगले शिनोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. तिच्या विधवा सासूला, नानींना, सरकारी पेन्शन मिळायची. दिवाळीपासून ती खात्यात येईना. नानी कचेरीत गेल्या, तर कारकून हसला. पेन्शन दर महिन्याला जातेय, फक्त नव्या बँकेतल्या नव्या खात्यात, आणि ते खातंही नानींच्याच नावाचं आहे, असं त्यानं सांगितलं. खाऊन वर तक्रार करताय, असंही तो म्हणाला.

"नानींनी तसलं खातं काढलंच न्हाई. शिनोलीत सेवा केंद्र चालवती ना, ती उज्ज्वलाताई, ती आमच्या मालकांना म्हणली, आधार कार्डाशिवाय खातं निघत न्हाई, घरातल्याच कुणाचं तरी काम हाय. कार्ड माझ्या पेटीत असतं. झालं. त्याच संध्याकाळी माझी पिशवी दाराबाहेर."

"नवरा काय म्हणाला?"

"पिशवी त्यांनीच ठेवली."

वैजयंतीबाई उठल्या. "दादाभाऊ, गाडी काढा. आधी नानींना घेऊन यायचं. मग बँक."

बँकेतला अधिकारी आधी मान वर करायला तयार नव्हता. खात्याची माहिती गोपनीय असते, असं तो म्हणाला.

"कुणापासून गोपनीय?" वैजयंतीबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, तरी रांगेतली माणसं वळून बघू लागली. "खातं या बाईंच्या नावाचं आहे. या समोर उभ्या आहेत. चोराला खातं उघडून देताना तुम्ही काही विचारलं नाही, आणि जिचं नाव वापरलं तिला माहिती देत नाही? तसं लिहून द्या, मी वर पाठवते."

अधिकाऱ्यानं कार्ड मागून घेतलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. "ताकूबाई लक्ष्मण केंगले. खातं ॲपवरून उघडलंय, त्यात आमचा एजंट नाही. ओटीपी नाही, चेहरा दाखवून ओळख पटवलीय." मग त्यानं खातं उघडल्याची तारीख सांगितली, दिवाळीच्या थोडी आधीची.

"ताकूबाई कोण?" दादाभाऊंनी विचारलं.

"मीच," नानी वैतागून म्हणाल्या. "माझं नाव ठकूबाई. कार्डावर चुकवून ठेवलंय मेल्यांनी. आमच्याकडं समदी मला नानीच म्हणत्यात."

स्क्रीनवर चेहऱ्याचा फोटो होता. नानींचाच. डोळे अर्धवट मिटलेले, कपाळावर कडक ऊन. खात्यातला मोबाइल नंबर बंद होता.

बाहेर आल्यावर वैजयंतीबाईंनी विचारलं, "नानी, त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

नानींना आठवेना. आरतीनं आठवून सांगितलं, "वाडीतल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर व्हतं. मी न्हवते. धाकट्या पोरीला ताप आला म्हणून घोडेगावला दवाखान्यात व्हते."

"हां, तेच," नानी म्हणाल्या. "डोळ्यात औषध घातलं. समदं धुरकट. मग कुणीतरी हाताला धरून मला भायेर ओट्यावर नेलं. मोबाइलवर डोळं तपासलं. उजेडाकडं तोंड करा म्हणलं, डोळं मिचकवा म्हणलं, परत मिचकवा म्हणलं. डोळं लई झोंबलं."

"कोण होतं?"

"दिसतंय कुठं? तोंडाला मास्क, आवाज हळू. पर मला ताकूबाई म्हणलं. राग आला मला. मी काय ताक हाय का?"

दादाभाऊ हसले. वैजयंतीबाई हसल्या नाहीत.

वाडीच्या शाळेपाशी संपत भेटला. वाडीतलाच तरुण, शिबिराची नोंदणी त्यानं केली होती.

"नानींना मीच वर्गात नेऊन बसवलं," तो म्हणाला. "तपासणी, औषध, समदं वर्गातच व्हतं. मी टेबल सोडलं न्हाई. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं."

"आधार कार्डांच्या झेरॉक्स कुणी काढल्या?"

"उज्ज्वलाताईच्या सेंटरवरून काढून आणल्या आदल्या दिवशी. आख्ख्या वाडीची कार्डं मीच नेली व्हती." मग त्यानं विचारलं, "माझ्यावर संशय हाय का, मॅडम?"

"अजून सगळ्यांवर आहे."

शिबिराचा खर्च घोडेगावच्या हर्षा ओसवाल यांनी केला होता. सासरे दलीचंद यांच्या स्मरणार्थ त्या दरवर्षी शिबिर घेत. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असूनही त्यांनी काउंटर सोडलं.

"मोबाइलवर डोळे तपासले? आमच्या डॉक्टरांनी तसलं काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि औषध घातल्यावर आजींना उजेडात कोण नेईल? बाहुली मोठी होते, ऊन सहन होत नाही. म्हणून तर मी वर्गाच्या खिडक्यांना दुकानातलं जाड कापड लावलं होतं. डोळे मिटून बसायला सांगितलं होतं सगळ्यांना. मी स्वतः डॉक्टरांशेजारी होते, पेशंट आत सोडत."

शेवटी ते शिनोलीच्या सेवा केंद्रात आले. उज्ज्वला तिशीतली, चटपटीत बाई. आरतीला पाहून तिनं ओठ आवळले, तरी चहा मागवला.

"ताकूबाईंची तक्रार मीच ऑनलाइन टाकली. एक पैसा घेतला नाही," ती म्हणाली. "पण घरातल्या चोरीला तक्रार काय करणार?"

"शिबिरात मोबाइल घेऊन कोण फिरत होतं, काही कल्पना?"

"मी शिबिराला गेलेच नाही, दिवसभर इथंच होते. ओट्यावर कोण काय करत होतं, मला काय ठाऊक?"

वैजयंतीबाईंनी चहा तसाच ठेवला आणि आभार मानून बाहेर पडल्या.

जीपमध्ये बसल्यावर दादाभाऊ म्हणाले, "मला तर संपतच वाटतो. कार्डं त्याच्याच हातात व्हती."

"उद्या सकाळी शाळेत शिबिराला आलेल्या सगळ्या बायकांना बोलवा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "संपतलाच सांगा बोलवायला. उज्ज्वलाला निरोप द्या, तिच्या तक्रारीबद्दल विचारायचंय. आणि घोडेगावच्या पोलिसांना मी फोन करते."

सकाळी वर्ग भरला. बायका खाली बसल्या होत्या. आरतीचा नवरा सुभाष दाराशी उभा होता. हर्षाबाई आल्या होत्या, उज्ज्वलाही. मागच्या बाकावर घोडेगावचे हवालदार.

"मला एकच विचारायचंय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "औषध घातल्यावर ओट्यावर नेऊन कुणाकुणाला मोबाइलसमोर डोळे मिचकवायला लावले?"

नानींचा हात वर गेला. मग शेजारणीचा. मग भिंतीकडच्या एका म्हातारीनं बिचकत हात वर केला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि हात वर होत राहिले. निम्मा वर्ग झाला तेव्हा दादाभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली.

"ही डोळ्यांची तपासणी नव्हती. हल्ली आधारची ओळख चेहऱ्यावरूनही पटवतात. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे कळावं म्हणून ॲप डोळे मिचकवायला सांगतं. चेहऱ्यावर उजेड लागतो, म्हणून तुम्हाला अंधाऱ्या वर्गातून उन्हात नेलं. तुमच्या नावानं खाती उघडली आणि ती आधारला जोडली. सरकारी पैसा आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. तुमच्यातल्या कितीजणींना अजून वाटतंय की पैसे उशिरा येतायत?"

एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली.

"आता, कुणी केलं? आरतीनं नाही. ती दवाखान्यात होती. शिवाय ती सासूच्या घरात राहते, तिला शिबिराची वाट कशाला बघावी लागेल? नानींना त्या माणसानं ताकूबाई म्हटलं. वाडीतलं कुणीही तसं म्हणत नाही. संपत नानीच म्हणतो. म्हणजे हा माणूस नानींना फक्त कार्डावरून ओळखत होता."

"म्हणजे बाहेरचं कुणीतरी," दादाभाऊ म्हणाले.

"हर्षाबाई बाहेरच्या आहेत. पण औषधानंतर उन्हात न्यायचं नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं. चोरानं स्वतःचाच डाव असा उघडा केला नसता. आणि नानींना त्या आजी म्हणतात. स्क्रीनवरचं नाव वाचणारा बँकेतला अधिकारी सोडला, तर ताकूबाई म्हणणारं माणूस मला एकच भेटलं. त्याच माणसाच्या केंद्रात सगळ्या वाडीची कार्डं गेली होती." त्या उज्ज्वलाकडे वळल्या. "काल मी तुम्हाला विचारलं, शिबिरात मोबाइल घेऊन कोण फिरत होतं. शिबिर वर्गात होतं. मी ओट्याचं नावही काढलं नव्हतं. जी शिबिराला आलीच नाही, तिला ओटा कुठून सुचला?"

उज्ज्वला उठून उभी राहिली. "मी अंदाजानं बोलले."

"ज्यावरून ही खाती उघडलीस, तो दुसरा फोन कुठाय?" हवालदारांनी विचारलं.

तिनं पर्स छातीशी धरली. हवालदारांनी हात पुढे केला, तेव्हा ती एकदम फणकारली. "रात्रंदिवस यांचे फॉर्म भरायचे मी. मला काय मिळतं? यांना घरबसल्या मिळतं. पैसे आले का गेले तेही कळत नाही यांना."

"कळत न्हाई म्हणून?" आरती उठली. पुढे जाऊन ती उज्ज्वलाच्या समोर उभी राहिली. "नानी त्या पैशातून रातच्याला दिसावं म्हणून औषध घेतात. ते बंद झालं. आन् तू माझ्या नवऱ्याला म्हणलीस, घरातलंच कुणीतरी. तुला माहीत व्हतं कोण ते. माझ्या पोरी आईविना झोपल्या, तुला माहीत व्हतं."

उज्ज्वलानं पर्स हवालदारांच्या हातात दिली. हवालदार तिला बाहेर घेऊन गेले.

वैजयंतीबाई बायकांशी बोलत होत्या. ज्यांचे पैसे वळवलेत त्यांनी आजच जुन्या बँकेत जाऊन आधार पुन्हा जोडायचं, आधारवरची चेहऱ्याची-अंगठ्याची ओळख लॉक करून ठेवायची, आणि डोळे, अंगठा, काहीही, कशासाठी ते कळल्याशिवाय मशीनसमोर धरायचं नाही. "कुणी घाई केली तर समजा, त्याला काहीतरी लपवायचंय."

"हे लॉक करायचं कुठं?" एकीनं विचारलं. "सेंटर तर तेवढंच व्हतं."

"माझ्या दुकानात या," हर्षाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा करून देईल, तुमच्या डोळ्यांसमोर. शिबिर माझं होतं."

बँकेत जायला दादाभाऊंनी जीप दाराशी आणली. बायका दाटीवाटीनं मागे बसल्या. आरतीनं नानींना पुढच्या सीटवर चढवलं आणि शेजारी बसली.

सुभाष जीपजवळ आला. "आरती, माझं चुकलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी चल."

"तुमी मला एकदा विचारलं असतं," ती म्हणाली. "परक्या बाईचं खरं मानलंत. घरी येयाचं का न्हाई, ते मी ठरवीन. आज न्हाई ठरवणार."

नानींनी काचेतून लेकाकडे पाहिलं.

"पोरींना जेवायला घाल," त्या म्हणाल्या. "आमाला येळ लागंल."

दादाभाऊंनी गिअर टाकला.