धुकं पिटाळताना

माणसाने गप्प बसावं, पण किती? आमच्या राउताकोस्की गावच्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये मैदानाचा बर्फ राखणारा यालमारी... त्याचं वागणं मला कधीच पटलं नाही. कित्येक हिवाळे तो रोज माझ्या कॉफीच्या स्टॉलवर येतो, माझ्या धाकट्या लेकीच्या, सिल्याच्या हातून कप घेतो, शेवटच्या थेंबापर्यंत पितो, कप ठेवतो... आणि जातो. तोंडातून चकार शब्द नाही! तासन् तास बर्फाशी पुटपुटणारा हा माणूस माझ्या देखण्या पोरीसमोर मात्र मूग गिळून उभा.

पहिली भेटसुद्धा तशीच. सिल्या घाईघाईत ताज्या बर्फावर पाय टाकणार, तेवढ्यात हा आडवा हात धरून म्हणाला, "बूट." बस, एवढंच. बाहेरच्या बुटांनी बर्फावर यायचं नाही, हे म्हणायला त्याला एक शब्द पुरला. घरी येऊन पोरगी म्हणते, "आई, त्याचे डोळे फार शांत आहेत गं."

मी म्हटलं, "झोपला असेल."

या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं नशीब उघडलं. युरोपातल्या अव्वल क्लबांची नवी स्पर्धा निघाली आणि तिचा पहिलावहिला सामना आमच्याकडे आला. का नाही येणार? आमची पोरं लीग जिंकली होती! झेक पाहुण्यांचा संघ उतरला, झगझगीत चषक आला, आणि त्याच्यामागून स्पर्धेचे मुख्य साहेब आले, स्वित्झर्लंडचे बेर्ची. सिल्याला जर्मन येतं, म्हणून आठवडाभर तीच त्यांची दुभाषी. साहेबांना तिचं काम इतकं आवडलं की त्यांनी झुरिकच्या कचेरीत नोकरीच देऊ केली. "सामना सुरू व्हायच्या आत सांग," म्हणाले.

मी यालमारीला मुद्दाम ऐकवलं, "सिल्या चालली हं झुरिकला. कायमची."

त्याने कप खाली ठेवला. "अस्सं," म्हणाला.

अस्सं! तो कप त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला. स्टॉलमागच्या स्वयंपाकघरात पोरगी ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिला फक्त एक शब्द हवा होता... आणि तो "अस्सं" नव्हता.

सामन्याच्या दिवशी बाहेर कोमट पाऊस. अशा हवेत हॉलचं मागचं मोठं दार उघडायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ओली ऊब आत शिरली की बर्फावर धुकं चढतं. यालमारी तर त्या दारापाशी माशीलाही फिरकू देत नाही. पण सिल्या दालचिनीच्या पावांचे ट्रे घेऊन मागच्या बाजूला आली, भिजली, आणि तिने कोपराने दार ठोठावलं.

त्याने उघडलं. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं, गाल लाल झाले होते...

"घे की! बघत काय राहिलास?"

त्याने ट्रे घेतले, माझ्या स्टॉलपर्यंत आणले, ठेवले... आणि तिच्या भुवईवर अडकलेला थेंब बघत खांबासारखा उभा राहिला. मागे दार सताड उघडं!

कुणाच्या लक्षात येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. यालमारी धावत जाऊन दार लावून आला, पण बर्फ दिसेनासा झाला होता. हॉल माणसांनी भरलेला, आणि खाली नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. पंच म्हणाले, या गोलवरून तो गोल दिसल्याशिवाय सामना नाही. बेर्ची साहेबांचा चेहरा त्या धुक्याहून पांढरा.

धुकं पिटाळायची आमची जुनी रीत आहे. दोघांनी कापडाची दोन टोकं धरायची आणि बर्फावर गोल गोल घसरत सुटायचं. वारा उठला की धुकं पळतं. मी सरळ बड्या पाहुण्यांच्या मेजवानीच्या दालनात गेले आणि टेबलांवरची कापडं ओढायला लागले.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब ओरडले. सिल्याने मला सांगितलं.

"सांग त्यांना, टेबलं उघडी करतेय, त्यांना नाही."

तिने काय सांगितलं देव जाणे, पण साहेब वाटेतून बाजूला झाले.

दोन्ही संघांचे खेळाडू जोड्या करून बर्फावर उतरले. आमचा एक, झेक एक. सगळ्यात मोठं कापड उरलं. त्याचं एक टोक मी यालमारीच्या हातात कोंबलं, दुसरं सिल्याच्या.

"मावशी, मी..."

"तू घोळ घातलास, तू निस्तर. आणि ही दाराबाहेर होती, म्हणून हीपण. चला!"

दोघं स्केट चढवून धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी कठड्याला टेकून उभी. फक्त स्केटच्या पात्यांची खरखर... आणि फेरीगणिक जवळून जाणारे त्यांचे आवाज.

"...तुझ्या हातून दार उघडं राहिलंच कसं?"

गेली पुढे.

"...तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"भिजलीस."

बरं, हे बरं झालं. पुढची फेरी.

"...झुरिकला जाऊ नकोस."

"का?"

आणि गेली! नेमकी तिथेच गेली! त्यात तो झेक गोलरक्षक आपली सगळी ढाल-चिलखतं वाजवत मधेच आला. "हळू रे बाबा, ऐकू येत नाही!" मी खेकसले. त्याला काय कळणार, त्याने हसून हात हलवला.

"...मला कॉफी आवडत नाही."

"काय?"

"कडू लागते. कधीच आवडली नाही."

"मग रोज..."

"तू देत होतीस ना... म्हणून."

मी कठडा घट्ट धरला. आमच्या कॉफीवेड्या देशात कॉफी न आवडणारा माणूस! आणि तीही माझी! पण खरं सांगते, मी कठड्यावरून आणखी पुढे वाकले.

पुढच्या फेरीला आवाज आलाच नाही. पात्यांचाही नाही.

धुकं हळूहळू विरलं, वरचे दिवे बर्फावर उतरले... आणि भर मैदानाच्या मधोमध ही दोघं! कापड पायांशी गोळा झालेलं, सिल्याचं ओलं डोकं त्याच्या खांद्यावर. आधी कुणीतरी शिट्टी मारली, मग झेक पोरं कठड्याशी ठेवलेल्या हॉकीच्या काठ्या उचलून बर्फावर आपटायला लागली, मग सगळा हॉल. यालमारीचे कान लाल झाले, पण तिचा हात त्याने सोडला नाही.

बेर्ची साहेबांनी कठड्यावरून नोकरीचं काय ते विचारलं. सिल्याने तिथूनच ओरडून जर्मनमध्ये सांगितलं, मग माझ्यासाठी आपल्या भाषेत, "काम इथून करू देत असाल तर हो! नाहीतर मी नाही!"

ज्याचा सामना नुकताच वाचला, तो नाही कसं म्हणणार? साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मान हलवली. पंचांना समोरचा गोल दिसला. माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्या विश्रांतीत बर्फ गुळगुळीत करून यालमारी स्टॉलवर आला. सवयीने हात कपाकडे गेला आणि मधेच थबकला. सिल्या हसत सुटली आणि तिने त्याच्यापुढे बेरीचं सरबत सरकवलं. मी कमरेवर हात ठेवले.

"इकडे बघ, यालमारी. बर्फ तू चांगला राखतोस, बाकी सगळ्यात मंद आहेस. माझी कॉफी कडू नाही, तुझी जीभ आळशी आहे. यापुढे दार बंद ठेवायचं, तोंड नाही. आणि शनिवारी आमच्या घरी सौनाला ये. तिथे गप्प बसलास तरी चालेल, वाफेत आम्ही सगळेच गप्प असतो."