चालूच ठेवलेला कॉम्प्युटर

शिक्षिकेनं ओल्या हातांनी दार उघडलं आणि आधी जिन्याकडे पाहिलं. मागून कुणी येत नाही याची खात्री झाल्यावरच तिनं बाईंना आणि हवालदारांना आत घेतलं.

बाई खासगी गुप्तहेर. हवालदार निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत हिंडत. मन सोन्याचं, डोक्याची चाल मात्र बैलगाडीची.

"नवऱ्याला सोडून माहेरी आलेय," शिक्षिका म्हणाली. "दोनदा वेगळं घर घेतलं. दोन्ही वेळा सामान उतरवायच्या आधी तो तिथे उभा! उद्या तिसऱ्या घरी जायचंय. या वेळी जिवंत सोडणार नाही म्हणालाय."

"घरं शोधलीत कशावर?"

तिनं कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला. त्याच्यावरच तिच्या शिकवण्या चालत. "काल साफ करून घेतला, आज सकाळपासून पुन्हा रखडतोय. सुरू व्हायला इतका वेळ खायचा की बंद न करायची सवयच लागली. आत्ताही चालू ठेवूनच स्वयंपाकघरात होते."

हवालदार खुर्चीत बसले. डावीकडचा माउस उचलून त्यांनी उजवीकडे घेतला, थोडी खटखट केली आणि हात टेकले.

बोलावलेला दुरुस्तीवाला आला. खुडबुड करता करता त्याचा चेहरा उतरला. "लपवलेला प्रोग्राम आहे. स्क्रीनवरचं सगळं कुणाला तरी पाठवत बसतो, म्हणून मशीनला धाप लागते. काल मी न बघता सगळंच पुसलं, त्यात हाही गेला होता; आज सकाळी परत आलाय. हा आपोआप येत नाही. मेलमधली फाईल उघडून कुणीतरी 'हो' म्हणावं लागतं."

"तूच टाकला असशील!" हवालदार गरजले. "म्हणजे पुन्हा बोलावतील."

"सकाळपासून दुकानात गिऱ्हाइकांपुढे बसलोय, साहेब. विचारा कुणालाही."

तेवढ्यात शिक्षिकेचा भाऊ रात्रपाळी करून घरी आला. खांद्यावरची पिशवीही न काढता तो म्हणाला, "त्या नालायकाला मी मदत करीन?"

आई डाव्या हातानं पाणी घेऊन आली. उजवा हात बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. "न्हाणीघरात घसरले. आणि मला बाई ते यंत्र चालूही करता येत नाही."

"जावई इथे कधी आला होता?" बाईंनी विचारलं.

"छे! कधीच नाही."

"पत्ता तर त्याला लग्नापासून ठाऊक आहे."

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

"सकाळी भाऊ कामावर, दुरुस्तीवाला दुकानात, ताई स्वयंपाकघरात. यंत्र चालूच होतं, ते चालू करता यायची गरजच नव्हती. आणि माउस डावीकडे होता. हवालदार, तुम्हीच तो उचललात."

हवालदारांना आईकडे बघवेना.

"जो अनोळखी घरं गाठतो, तो माहेरच्या दारात का येत नाही? कारण तसं ठरलंय. काकू, तुम्ही न्हाणीघरात पडला नाहीत."

आई लेकीकडे वळली. "तू बाजारात गेली होतीस गं. त्यानं हात पिरगाळला. म्हणाला, ती काय करते ते मला दिसू द्या, मग या दारात पाऊल टाकणार नाही. आज त्यानं पुन्हा मेल पाठवला, त्यानं शिकवलं होतं तसं मी उघडून 'हो' दाबलं. म्हटलं, बघू दे मेल्याला. पोर इथे जिवंत तर राहील."

"आणि मी इथून निघाले की, आई?"

"म्हणून तर जाऊ नको म्हणत होते."

दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "काढून टाकू?"

"आत्ता नको, त्याला कळेल. ताई निघून गेल्या की काढा." बाईंनी आपल्या फोनवरून दुसरीच जागा ठरवली. हवालदारांनी जुन्या ठाण्याला फोन लावला आणि शिक्षिकेची बॅग उचलली.

दारात शिक्षिका थांबली. "कुठे जातेय ते तुला सांगणार नाही, आई."

"नकोच सांगू," आई म्हणाली. "त्यानं परत विचारलं, तर मी सांगून टाकीन."