डाव्या हाताने उघडणारा चाकू

पोर्ट डेनिसनच्या धक्क्यामागे अ‍ॅथलचं दुकान आहे. त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा घडीचा चाकू मागितला, तेव्हा तो म्हणाला, "क्लेम, शेवंडं धरतोस की चाकू खातोस?"

मला हसू आलं नाही. महिन्यापूर्वी शेवंडांचे पिंजरे समुद्रात सोडताना दोराचं वेटोळं माझ्या भावाच्या, मरेच्या, पायात अडकलं. खिशातल्या चाकूचं पातं नखाने ओढत ओढतच तो पिंजऱ्यामागून पाण्यात गेला. गंजलेला चाकू उघडलाच नाही. मरेही सापडला नाही.

त्याची बायको नोएलीन जेवेना. "तो खाली अडकलाय रे. त्याला धड चाकू दे," एवढंच म्हणायची. तिचं मन राखायला मी एक नवा चाकू, मिटलेला, पिंजऱ्यात बांधून त्याच जागी सोडला. दुसऱ्या सकाळी तो अर्धवट उघडलेला वर आला.

लाटांनी उघडला असेल, मी म्हटलं. दुसरा जरा भारी घेतला. पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी होती. तो मिटलेलाच परतला, पण खुंटी नसलेल्या बाजूला ओरखडेच ओरखडे.

नोएलीनने त्यावरून बोट फिरवलं. "उजवा हात दोरात गुंतलाय त्याचा. डाव्याने उघडेल असा बघ."

इंजिनं खोलून दुरुस्त करणारा माणूस मी, पण तेव्हा मलाही वेड लागलं. भाऊ सुटावा, बाकी काही नको होतं.

अ‍ॅथलने दोन्ही बाजूंना खुंटी असलेला चाकू शोधून दिला. न गंजणारं पातं, खरबरीत मूठ, जोर दिला तरी न सुटणारा खटका. बादलीभर खाऱ्या पाण्यात हात बुडवून मी तो डाव्या अंगठ्याने उघडून पाहिला. दरवेळी उघडला.

दुसऱ्या दिवशी पिंजरा वर ओढणारी विंच हलकीच फिरली. नुसता दोर आला, एका घावात तिरका कापलेला.

नोएलीन पहिल्यांदाच रडली. मग तिने दोन टोस्ट खाल्ले.

चार दिवसांनी पोलिसांचा फोन आला. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, शेवाळाच्या ढिगाखाली मरे सापडला होता. पहिल्याच आठवड्यात तिथे लागला असावा, असं डॉक्टर म्हणाले. हात मोकळे. एका पायात बूट नव्हता. बूट दोरात सोडून तो तेव्हाच सुटला होता.

"मग चाकू कुणी घेतला?" नोएलीनने विचारलं.



तेव्हापासून रोज एका पिंजऱ्याचा दोर कापला जातो. आधी खोल पाण्यातले गेले, मग खडकांजवळचे. काल बंदराच्या तोंडाशी लावलेला गेला.

आज सकाळी आमची बोट सुटून वाहत होती. तिचा दोर कापलेला होता.

पाण्याकडून नव्हे. धक्क्यावरच्या टोकाला.