वाळू परत येईपर्यंत

आकडे रंगवलेल्या त्या काठ्या तिला अगदी आयत्या मिळाल्या होत्या. किनाऱ्यावर छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणारीला आणखी काय हवं? तिने त्या वाळूतून उपटल्या आणि डुगडुगणाऱ्या छत्र्यांना टेकू म्हणून बांधून टाकल्या.

"अहो... ही माझी काठी आहे!"

समोर एक तरुण उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्म्यावर पाण्याचे थेंब.

"नाव लिहिलंय का तिच्यावर?"

"नाव नाही, आकडे आहेत. मी लाटांचा अभ्यास करतो. किनाऱ्यावरची वाळू किती उतरली ते मोजायला काठ्या रोवल्या होत्या. समुद्राने नेल्या कशा म्हणून डोकं धरून बसलोय!"

"समुद्राने नाही, मी नेल्या," ती म्हणाली आणि तिला हसूच आवरेना. मग त्यालाही.

खरं तर ते दिवस हसण्यासारखे नव्हते. वादळाने वाळू पार खरवडून नेली होती. खुर्च्या मांडायला जेमतेम पट्टा उरला होता. 'महिनाअखेर वाळू आली नाही, तर गाशा गुंडाळ आणि माझ्याकडे शहरात ये,' दादाने बजावलं होतं. वडिलांनी हौसेने थाटलेला धंदा! तो मोडायचा विचारही तिला सहन होत नव्हता.

"परत येईल वाळू," तिच्याकडून हे सगळं ऐकून तो म्हणाला. त्याने छत्रीचं कापड चुण्या पाडून जवळ ओढलं. "ही बघा वादळातली लाट. उंच आणि आखूड, म्हणजे चढ उभा. ती किनारा ओरबाडते आणि वाळू जरा आत, पाण्याखाली नेऊन टाकते." मग त्याने कापड सैल सोडलं. "आणि ही बुटकी, लांबलचक. हिला घाई नसते. तीच वाळू हळूहळू परत आणते."

"आणि तुम्ही कुठल्या जातीची लाट?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"बुटका तर नाही मी..." त्याचे कान लाल झाले. "पण घाई नसते मला."

"ते दिसतंच आहे!"

समुद्र निवला. तो रोज मोजायला यायचा आणि मोजून झाल्यावरही रेंगाळायचा — तिच्या खुर्च्या पुसू लाग, उगाच छत्री सरळ कर. तिला ते फार आवडायचं.

महिना सरत आला आणि एका सकाळी खुर्च्यांची दुसरी रांग कोरड्या वाळूवर बसली. ती आनंदाने ओरडलीच! त्याचा चेहरा मात्र पडलेला.

"काय झालं हो?"

"रागावू नका... मला वाटत होतं, वाळू येऊच नये."

"काय? इथे माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही—"

"वाळू आली नसती, तर तुम्ही दादाकडे आला असतात ना! माझं ऑफिस त्याच शहरात आहे. काम संपलं, आता मी जाणार... आणि तुमच्याशिवाय मला करमणार नाही."

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. ज्या दिवशी हा जायचा आहे, त्या दिवसाची तिलाही धास्ती वाटत होती.

"मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून का बसला होतात?"

"तुम्हाला हा किनारा सोडायला कसं सांगणार? मीच येत जाईन. गाडीने दोनच तास तर लागतात. दर रविवारी येईन."

"या रविवारी दादा येतोय."

"मग... नको येऊ?"

"ये. त्याच्याशी बोलायला ये," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"काय बोलू? लाटांचं सांगू?"

"लाटांचं कशाला? आपलं सांग."