न दिलेला धक्का

अख्खं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, कारण धाकटा भाऊ तसं म्हणायचा, आणि तो सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. आवाजाच्या कितीतरी पट वेगानं जाणारं नवं विमान पहिल्यांदा तोच उडवणार होता. विमानाच्या अंगाला बिलगून वाहणारा हवेचा पातळ थर गुळगुळीत राहतो की मध्येच विस्कटतो, हे ताई संगणकावर बघायची. विस्कटला की आच भडकते, पत्रा वितळतो. संध्याकाळपर्यंत तिला उड्डाणाला हो किंवा नाही सांगायचं होतं.

आता गंमत बघा, गणितातली हवा भारी गुणाची. आपणहून कधी विस्कटायची नाही. तिला हातानं बारीकसा धक्का द्यावा लागतो, तेव्हा कुठे ती खऱ्या हवेसारखी वागते. त्या सकाळी घाईगडबडीत ताई तो धक्काच द्यायला विसरली.

तरी हवा विस्कटली. नेमकी वैमानिकाच्या आसनाखाली, डाव्या अंगाला.

साहेबांनी मानही न वळवता सांगितलं, की हवेचे बारीक चौकोन पाडणारी गणिताची जाळी कुठेतरी उसवली असेल, नव्यानं विणा. तिनं विणली. मशीन बदललं. पुन्हा तीच जागा. शेवटी वैतागून तिनं वेगच शून्य केला. विमान जागच्या जागी, हवाही निश्चल. पडद्यावरची दाबाची रेघ मात्र सावकाश चढत होती, उतरत होती. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

तिनं भावाला फोन लावला नि जमेल तसं सगळं सांगितलं. त्यानं आधी थट्टाच केली, की बिचाऱ्या संगणकाला जरा झोपू दे.

"पण ताई, तुझ्या त्या विमानात मी बसलोय तरी का?"

"नाही रे. आत नुसती पोकळी आहे."

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. श्वास आत गेला की रेघ चढे, बाहेर पडला की उतरे.

"बाळा, जरा श्वास रोखून धर."

रेघ सपाट झाली.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघितलं, चेहरा खुलला. "निवळलं ना शेवटी? उगाच जीव टांगणीला लावलात, ताई. वर 'हो' कळवून टाकतो."

ती वळेपर्यंत दार लागलंही.

"सोड आता," ती फोनमध्ये म्हणाली.

"सोडला की केव्हाच," भाऊ म्हणाला, आणि खळखळून हसला.

रेघ सपाटच होती.