निळा मासा आणि बायजीच्या चपला

"बुडाला! स्पंजही बुडाला!" अमृत बादलीत डोकावत ओरडला.

नरपडला, दक्षाच्या घराच्या ओट्यावर, मे महिन्याच्या सुट्टीतला कारखाना जोरात चालू होता. दक्षा, तिचा चुलतभाऊ अमृत आणि तलासरीहून राहायला आलेली तिची मैत्रीण हिरी. तिघांना गळाला लावायचा नकली मासा बनवायचा होता. पाण्यावर तरंगणारा, आणि खाडीतल्या जिताडा माशाला खरा वाटावा इतका मऊ! थर्माकोल तरंगला, पण कडक. त्यावर नेलपॉलिश लावलं तर तो चक्क विरघळला!

"रबरी चपलेचा तळ!" दक्षाने चुटकी वाजवली. "किनाऱ्यावर किती वाहून येतात!"

अमृत गळ बांधत बसला आणि दोघी पळाल्या. होड्यांपाशी निळ्या चपलांचा जोड मिळाला. जाड, लुसलुशीत!

"अगं, या नीट काढून ठेवल्यात," हिरी म्हणाली. "कुणाच्या तरी असतील."

"टाकून दिल्या असतील. चल लवकर!" दक्षाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी खाडीत निळा मासा डुलत तरंगला आणि जिताड्याने झडप घातली. दोन किलोचा! घरभर कौतुक झालं.

सकाळी मात्र गल्लीत आरडाओरडा. म्हाताऱ्या बायजीच्या चपला गायब! साखरेच्या आजाराने तिच्या पायाची जखम भरत नव्हती, म्हणून डहाणूच्या डॉक्टरांनी मऊ चपला घ्यायला सांगितल्या होत्या. काल होड्यांपाशी पाय धुताना तिने त्या काढल्या होत्या.

"लाडकीच होती तिकडे!" चिमणकाका गरजले. लाडकी त्यांच्याकडे बोंबील वाळत घालायला येई. "उद्यापासून कामाला येऊ नकोस!"

"मी नाही घेतल्या," एवढंच म्हणून लाडकी निघून गेली. तिची लहान मुलगी मागे वळून वळून बघत होती.

"आपण चोर पकडू!" अमृतने वही काढली.  बोलावं, असं दक्षाला दहादा वाटलं, पण जीभ उचलेना. हिरी तिच्याकडेच बघत होती, आणि ते जास्त टोचत होतं.

दुपारी बायजीच्या ओट्यावर चिमणकाका आणि दक्षाचे बाबा बसले होते. अमृतने बायजीला विचारलं, "चपलांचा रंग कोणता?"

"निळा रे बाबा."

अमृतची पेन्सिल थांबली. त्याने हळूच दक्षाकडे पाहिलं.

"मी घेतल्या!" दक्षा रडतच म्हणाली. "मासा बनवायला कापल्या. कुणाच्या तरी आहेत, हे कळत होतं मला!"

चिमणकाकांचा चेहरा उतरला. "मग सकाळी का नाही बोललीस?"

"मला भीती वाटली, काका. पण तुम्हीही लाडकीताईंना काही विचारलं नाही. सरळ चोर म्हणालात."

काका खाली बघू लागले. "खरं आहे पोरी," ते पुटपुटले.

"खरं बोललीस, शहाणी माझी!" बायजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा नव्या चपला आणायला डहाणूला निघाले. जाताना तेही "शाब्बास" म्हणाले. दक्षाला त्या शब्दाने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका आणि तिन्ही मुलं लाडकीच्या घरी गेली. काकांनी हात जोडले. दक्षा म्हणाली, "ताई, चपला मी घेतल्या होत्या."

"मला कशाला सांगतेस?" लाडकी शांतपणे म्हणाली. "मी घेतल्या नव्हत्या, हे मला ठाऊकच होतं. मला चोर म्हटलेलं ज्यांनी ऐकलं, त्यांना सांग."

बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडीपाशी दहा-बारा बाया होत्या.  हिरीने दक्षाचा हात धरला, अमृत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. लाडकीची मुलगीही मागोमाग आली होती.

"ऐका!" दक्षाचा आवाज फाटला. तिने पुन्हा, मोठ्याने सुरुवात केली. "चोर लाडकीताई नव्हत्या. मी होते!"